बॉटलब्रशच्या झाडाखाली तण का उगवेना

लहान मुलाचे पाय धनुकलीसारखे वाकलेले दिसले की घरातलं जुनं माणूस एका शब्दात निदान करून टाकतं: मुडदूस. डॉक्टरही बहुतेक वेळा तेच म्हणतात, ड जीवनसत्त्व लिहून देतात, कोवळं ऊन अंगावर पडू द्या म्हणतात आणि बहुतेक मुलं सुधारतात. हा लेख न सुधारणाऱ्या मुलांपैकी अगदी मोजक्यांबद्दल आहे. त्यांना औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या पाजल्या तरी पाय वाकलेलेच राहतात. वजन वाढत नाही, पोट मात्र पुढे येतं. एखाद्याच्या नाकातून रक्त येतं ते थांबता थांबत नाही. दुखणं हाडांचं दिसतं, पण गळती किडनीत असते. आणि किडनीला बिघडवणारी गोष्ट आलेली असते ताटातल्या वरणातून आणि पेल्यातल्या दुधातून.

आजाराचं नाव टायरोसिनेमिया, प्रकार १. जगभरात साधारण एक लाख बाळांमागे एकाला होतो, म्हणजे दुर्मीळच. तरी मला तो सांगावासा वाटतो, कारण त्याच्या औषधाची गोष्ट एका बागेत सुरू होते.

आधी आजार समजून घेऊ. आपण खातो त्या प्रथिनांत टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. शरीर त्यातलं लागेल तेवढं वापरतं आणि उरलेलं मोडीत काढतं. हे मोडकाम पाच पायऱ्यांत होतं आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम बसलेलं असतं. या मुलांत पाचव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवरचं एन्झाइम नसतं किंवा अगदीच दुबळं असतं. त्याचं जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे.

ज्यांनी रात्रीच्या लाइटीला उसाची दारं धरली आहेत त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. शेवटच्या सरीचं दार बुजलेलं असेल आणि वरून पाणी येतच असेल, तर ते तिथेच तुंबतं, बांध फोडतं आणि नको तिथे घुसतं. इथे तुंबतं त्या पदार्थाचं नाव फ्युमॅरिलॅसिटोअॅसिटेट. नाव विसरलात तरी हरकत नाही, स्वभाव लक्षात ठेवा: तो इतका खवळलेला असतो की ज्या पेशीत तयार होतो तिलाच आधी जाळतो. हे मोडकाम मुख्यतः दोन ठिकाणी चालतं, लिव्हरमध्ये आणि किडनीच्या बारीक नळ्यांच्या सुरुवातीच्या भागात. म्हणून मार बसतो तो नेमका या दोन अवयवांना.

लिव्हरचं काय होतं ते लवकर सांगून होतं. काही बाळांचं लिव्हर पहिल्या सहा महिन्यांतच निकामी होऊ लागतं. त्यातून तरलेल्यांना पुढे लिव्हरच्या कॅन्सरचा मोठा धोका राहतो.

किडनीचं प्रकरण मला जास्त विलक्षण वाटतं. मोठ्या माणसाची किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर काढते, आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत आत घेते. घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं आणि हवं तेवढं पुन्हा आत न्यायचं, तसाच हा प्रकार. हे परत नेण्याचं बहुतेक काम नळीचा सुरुवातीचा भाग करतो. साखर, अमिनो आम्लं, फॉस्फेट, बायकार्बोनेट, सगळं तिथे वेचलं जातं. त्याच पेशी आजारी पडल्या की वेचणारंच कोणी उरत नाही. फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं आणि हाडांना ते मिळत नाही. बाहेरून दिसतो मुडदूस. ड जीवनसत्त्व कितीही द्या, रांजण तळाला फुटलेला असेल तर वरून ओतून काय उपयोग?

डॉक्टर या गळतीला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. झुरिकचे बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांच्यावरून हे नाव पडलं. इथे पोचवणारे आनुवंशिक आजार आणखीही आहेत, सिस्टिनोसिस हा त्यातला प्रमुख. म्हणून औषधाला न जुमानणारा मुडदूस दिसला की जाणकार डॉक्टर आधी लघवी तपासायला सांगतात. रक्तातली साखर नेहमीसारखी असताना लघवीत साखर सापडली, तर खूण पटते: हा मधुमेह नसून नळ्यांची गळती आहे.

तुंबलेल्या पदार्थाचा काही भाग सक्सिनिलॅसिटोन या दुसऱ्या रसायनात बदलतो आणि रक्तात-लघवीत फिरू लागतो. हे रसायन हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक, तयार करणारं एक एन्झाइम बंद पाडतं. शिशाची विषबाधा झाली की हेच एन्झाइम बंद पडतं. त्यातून पोटात आणि पायांत असह्य कळा येतात, हातापायांतलं बळ जातं, कधी श्वासही अडतो. पण याच रसायनाने निदान सोपं केलं. १९७७ साली स्वीडनच्या योटेबोरी शहरातल्या बेंग्ट लिंडब्लाड, स्वेन लिंडस्टेट आणि सहकाऱ्यांनी ते रुग्णांच्या लघवीत ओळखलं आणि मूळ दोष पाचव्या पायरीत असल्याचं दाखवून दिलं. आज नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातही ते सापडतं.

आनुवंशिकतेचा हिशेब असा. आई आणि वडील दोघंही या दोषाचे वाहक असतील, म्हणजे दोघांकडे जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असेल, तर दर गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असं पुष्कळ जण समजतात, पण नाणं मागचा डाव लक्षात ठेवत नाही. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच पणजोबांकडून येण्याची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे आहेच. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांना १९०२ साली हेच खटकलं होतं. ज्यांची लघवी ठेवल्यावर काळी पडते अशा अल्कॅप्टोन्युरियाच्या रुग्णांचे आईवडील वारंवार चुलत-मामे भावंडं निघत होते. अल्कॅप्टोन्युरिया म्हणजे याच टायरोसिनच्या मोडकामातली तिसरी पायरी बंद. चयापचयाचे जन्मजात दोष ही कल्पनाच गॅरड यांची.

लोकवस्ती लहान असेल तर जवळची लग्नं न होताही हेच घडतं. कॅनडात क्वेबेकच्या सॅगने-लॅक सेंट-जाँ भागात थोड्या फ्रेंच कुटुंबांपासून लोकसंख्या वाढली. तिथे हा आजार साधारण १,८५० बाळांमागे एकाला होतो आणि दर बावीस माणसांत एक वाहक आहे. म्हणूनच क्वेबेकमध्ये १९७० पासून प्रत्येक नवजात बाळाची त्यासाठी तपासणी होते. पण तेव्हा निदान झालं तरी हातात काय होतं? खाण्यातली प्रथिनं कमी करायची, आणि पुढे लिव्हर बदलायचं.

आता बाग. बॉटलब्रश आपल्याला अनोळखी नाही. बाटली धुवायच्या ब्रशासारखी लाल फुलं लटकणारं हे ऑस्ट्रेलियन झाड पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये सर्रास दिसतं. १९७७ मध्येच कॅलिफोर्नियात स्टॉफर केमिकल कंपनीतल्या एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आपल्या बागेतल्या या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. तिथली माती तपासल्यावर लेप्टोस्पर्मोन नावाचं रसायन सापडलं. त्याचा जोर कमी होता, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीवर जास्त जालीम पदार्थ बनवले. ते पडले की तणाची पानं पांढरीफटक होतात. टेंबोट्रायोन याच जातीचं, त्यामुळे मक्यात ते फवारणाऱ्या शेतकऱ्याने हा पांढरेपणा पाहिलेला असतो.

या मालिकेतल्या एका पदार्थाच्या चाचण्यांत उंदरांच्या डोळ्यांवर फुलं पडू लागली. कारण शोधल्यावर कळलं की उंदरांच्या रक्तातलं टायरोसिन भलतंच वाढलं आहे. हा पदार्थ टायरोसिनच्या मोडकामातलं दुसऱ्या पायरीवरचं एन्झाइम बंद पाडत होता. तेच एन्झाइम वनस्पतींतही असतं. गंमत म्हणजे आपल्याकडे ते मोडायच्या कामावर आहे, तर झाडाकडे बांधायच्या. त्याच्याशिवाय पानांतली रंगद्रव्यं तयार होत नाहीत, म्हणून पान पांढरं. तणनाशक म्हणून हा पदार्थ बाजूला पडला.

स्वेन लिंडस्टेट मात्र या एन्झाइमचा अभ्यास आधीपासून करत होते. त्यांना दिसलं ते पाटकऱ्याच्या पोराला दिसलं असतं तसंच: शेवटचं दार उघडता येत नसेल तर वरचंच बंद करा. दुसरी पायरी बंद केली की पाचव्या पायरीवर तुंबायला काही येतच नाही. टायरोसिन वाढेल, पण ते त्या जाळणाऱ्या पदार्थापेक्षा पुष्कळ परवडलं. १९९१ मध्ये योटेबोरीत पहिल्या बाळाला हे औषध दिलं गेलं आणि १९९२ मध्ये पाच रुग्णांचा अनुभव ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. औषधाचं नाव निटिसिनोन. क्वेबेकमध्ये ज्या बाळांना ते पहिल्या महिन्याभरात सुरू झालं, त्यांच्यापैकी एकालाही लिव्हर बदलावं लागल्याचं तिथल्या पाहणीत आढळलं नाही. किडनीची गळतीही थांबते, हाडं सरळ होऊ लागतात. आणि २०२० मध्ये युरोपात हेच औषध गॅरड यांच्या अल्कॅप्टोन्युरियासाठीही मंजूर झालं, कारण तिसऱ्या पायरीच्या वरचं दारही हेच.

भारतात अडचण किमतीची होती. सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे आयात औषधाचा वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी २० लाख रुपये. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात एका रुग्णाला मिळणाऱ्या मदतीची मर्यादा ५० लाख, म्हणजे तीन महिनेही निघाले नसते. भारतीय कंपन्यांनी ते बनवायला घेतल्यावर खर्च अडीच लाखांवर आला. वर्षाला अडीच लाख हेही बहुतेक घरांना झेपणारे नाहीत, पण मदतीच्या आवाक्यात बसणारे आहेत. या धोरणाखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक परळचं केईएम. मात्र प्रत्येक नवजात बाळाची तपासणी आपल्याकडे अजून होत नाही, त्यामुळे औषध स्वस्त झालं तरी मूल त्याच्यापर्यंत पोचतं ते पाय वाकल्यावर किंवा लिव्हर बिघडल्यावर.

आणि औषध सुरू झालं म्हणून ताट मोकळं होत नाही. वर दार बंद केल्याने टायरोसिन साचतं, त्यामुळे प्रथिनं मोजूनमापून द्यावी लागतात. दूध, डाळ, अंडी, पनीर, शेंगदाणे यांना जवळपास फाटा, आणि वाढीसाठी लागणारी बाकीची अमिनो आम्लं खास पावडरीतून. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, तो चालतो. पण दाण्याच्या कुटाशिवाय खिचडी खायला लावणं ही मराठी मुलाला शिक्षाच आहे. पथ्य मोडलं की टायरोसिनचे स्फटिक डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जमू लागतात, डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही. म्हणून या मुलांच्या रक्तातलं टायरोसिन ठरावीक काळाने मोजतात आणि नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पखाली त्यांच्या डोळ्यांत तेच शोधतात, जे एकेकाळी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या डोळ्यांत सापडलं होतं.