92,003 प्रेक्षकांमागची पन्नास वर्षं

30 ऑगस्ट 2023 रोजी अमेरिकेतल्या लिंकन शहरात नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाच्या मधोमध व्हॉलीबॉलचं कोर्ट बसवलं गेलं आणि मुलींचा सामना बघायला 92,003 माणसं आली. वानखेडे स्टेडियम जवळपास तीनदा भरेल एवढी ही गर्दी. आदल्या वर्षी बार्सिलोनाच्या महिला फुटबॉल सामन्याला आलेल्या 91,648 प्रेक्षकांचा आकडा त्या दिवशी मागे पडला. याच मैदानावर मुलांच्या अमेरिकन फुटबॉलला झालेली सर्वाधिक गर्दी होती 91,585.

नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. मका, गुरं आणि दूरदूर पसरलेली छोटी गावं. व्यावसायिक फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधला एकही संघ राज्यात नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. गर्दीचं हे एक कारण झालं. पण तेवढ्याने भागत नाही, कारण अशी राज्यं अमेरिकेत इतरही आहेत आणि तिथे मुलींच्या व्हॉलीबॉलसाठी स्टेडियम भरत नाहीत.

मूळ आहे 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यात. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं हा कायदा सांगतो. खेळाचा त्यात वेगळा उल्लेख नसला, तरी सगळ्यात मोठा फरक तिथेच पडला. विद्यापीठांना मुलींचे संघ उभे करावे लागले. नेब्रास्कात व्हॉलीबॉलचा संघ 1975 मध्ये सुरू झाला आणि दोनच वर्षांनी तो टेरी पेटिट यांच्या हाती आला.

पेटिट इंग्रजी शिकवायचे आणि कविता लिहायचे. त्या काळी महिला व्हॉलीबॉल म्हणजे कॅलिफोर्निया आणि हवाई. बारमाही उन्हात वाळूवर खेळत वाढलेल्या मुली बर्फाळ हिवाळ्याच्या लिंकनला कशाला येतील? बाहेरून खेळाडू आणण्याचे प्रयत्न पेटिट यांनी सोडले नाहीत, पण त्यांचं खरं काम राज्याच्या आतलं आहे. ते गावोगावच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांपर्यंत गेले, शिबिरं घेतली, पास कसा द्यायचा, फटक्यासाठी चेंडू कसा उभा करायचा (म्हणजे सेट), जाळ्यापाशी समोरचा फटका अडवायला (म्हणजे ब्लॉकला) कधी उडायचं हे शिकवणाऱ्यांनाच शिकवलं. नेब्रास्कातल्या छोट्या शाळांत शरद ऋतू आला की मुलं फुटबॉल खेळतात आणि मुली व्हॉलीबॉल. पेटिट यांना तिथे हवे तेवढे हात मिळाले. ज्या घरातली मुलगी शाळेच्या संघात खेळते, त्या घराला खेळातलं कळू लागतं आणि ते घर विद्यापीठाचे सामनेही बघू लागतं. माझ्या मते 92,003 ची पायाभरणी इथेच झाली. तिचं श्रेय जाहिरातीला द्यायला मी तयार नाही.

करंडक मात्र लांबच राहिला. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेची पहिली महिला व्हॉलीबॉल स्पर्धा 1981 मध्ये झाली आणि सुरुवातीची सगळी विजेतेपदं पश्चिमेकडेच गेली. ही मक्तेदारी 1988 मध्ये टेक्सासने मोडली. नेब्रास्का 1986 मध्ये पॅसिफिक विद्यापीठाकडून आणि 1989 मध्ये लाँग बीच स्टेटकडून अंतिम सामना हरलं. पहिलं विजेतेपद आलं 1995 मध्ये, टेक्सासला हरवून. त्याच्या शंभर वर्षं आधी, 1895 मध्ये, विल्यम मॉर्गन यांनी ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हा खेळ शोधला, त्याच राज्यात तो सामना झाला. ॲलिसन वेस्टन त्या संघाचा कणा होती.

2000 पासून धुरा जॉन कुक यांच्याकडे आली. ते आधी पेटिट यांचे सहायक होते आणि मधली सात वर्षं त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाचा संघ घडवला होता. पहिल्याच मोसमात नेब्रास्का 34-0 असं अपराजित राहिलं आणि अंतिम सामन्यात समोर उभं राहिलं ते विस्कॉन्सिनच! पाच सेटनंतर कुक जिंकले. पुढे 2006, 2015 आणि 2017 अशी आणखी तीन विजेतेपदं आली. 2001 पासून घरच्या मैदानावरची तिकिटं सलग संपत आली आहेत आणि हा सिलसिला तीनशे सामन्यांच्या पुढे गेला आहे.

जॉर्डन लार्सन याच काळातली. हजाराच्या आत वस्ती असलेल्या हूपर गावची ही मुलगी नेब्रास्काकडून खेळली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला व्हॉलीबॉलला पहिलं सुवर्णपदक मिळालं तेव्हा ब्राझीलविरुद्धचा शेवटचा गुण तिच्याच स्मॅशवर आला. त्या संघात नेब्रास्काच्या एकूण तिघी होत्या, केल्सी रॉबिन्सन आणि लिबेरो (फक्त बचावासाठी खेळणारी खेळाडू) जस्टिन वाँग-ओरांटेस या आणखी दोघी.

स्टेडियममधल्या सामन्याची ठिणगी पडली ती चुरशीतून. सप्टेंबर 2022 मध्ये राज्यातल्याच ओमाहा शहरात, तिथल्या क्रेटन विद्यापीठाविरुद्धच्या नेब्रास्काच्या सामन्याला 15,797 प्रेक्षक आले आणि नियमित मोसमातला विक्रम झाला. काही दिवसांतच विस्कॉन्सिनने 16,833 प्रेक्षक जमवून तो मोडला. नेब्रास्काने उत्तर म्हणून थेट फुटबॉलचं मैदान मागितलं. सामना ओमाहा विद्यापीठाच्या संघाशी झाला, नेब्रास्काने तो सरळ तीन सेटमध्ये जिंकला. त्याआधी राज्यातल्याच वेन स्टेट आणि कर्नी या छोट्या महाविद्यालयांच्या मुलीही त्याच कोर्टवर खेळल्या. मला या दिवसातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. मुलींच्या या खेळात विजेत्या संघाचा मुख्य प्रशिक्षक दशकानुदशकं पुरुषच राहिला. 2024 च्या उपान्त्य सामन्यात नेब्रास्का दोन सेटच्या आघाडीवरून पेन स्टेटकडून हरलं आणि पुढे पेन स्टेटने लुईव्हिलला हरवून विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली तेव्हा स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होत्या. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनचं, म्हणजे सर्वोच्च गटाचं, विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक. हरलेल्या लुईव्हिलच्या प्रशिक्षकही महिलाच, डॅनी बुसबूम-केली. नेब्रास्काच्या ग्रामीण भागात वाढलेल्या, 2006 च्या विजेत्या संघाच्या लिबेरो आणि 2015 मध्ये कुक यांच्या सहायक. जानेवारी 2025 मध्ये कुक निवृत्त झाले आणि विद्यापीठाने संघ बुसबूम-केली यांच्याकडे सोपवला.