विकृतिमापक

विकृतिमापक : भार आल्यावर पदार्थाच्या पृष्ठभागाच्या लांबीत होणारा सूक्ष्म बदल विद्युत रोधातील बदलावरून मोजण्याचे साधन. अभियंते त्याला ‘स्ट्रेन गेज’ म्हणतात. पूल, विमानांचे पंख, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे यांतील त्याचा वापर परिचित आहे. स्थापत्य, यांत्रिकी व विद्युत या तिन्ही शाखांच्या मेळातून घडलेल्या उपकरणांत याचे स्थान फार वरचे आहे.

तत्त्व : तार ताणली की लांबते आणि बारीक होते, दोन्हींमुळे तिचा रोध वाढतो. केवळ आकारातील या बदलाने रोधातील सापेक्ष वाढ विकृतीच्या (लांबीतील सापेक्ष बदलाच्या) सुमारे १.६ पट भरते. कॉन्स्टंटन या तांबे-निकेल मिश्रधातूत मात्र ती सुमारे २ पट आढळते, कारण ताणाखाली धातूची रोधकताही (आकारावर अवलंबून नसलेला रोधाचा अंगभूत गुणधर्म) बदलते. या पटीस मापक-गुणक म्हणतात. पोलादात २०० मेगापास्कल प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) असता विकृती सुमारे ०.००१ असते आणि १२० ओहमच्या मापकाचा रोध अवघा ०.२४ ओहमने वाढतो. एवढासा फरक व्हीटस्टन सेतूने, म्हणजे चार भुजांतील रोधांची तुलना करणाऱ्या विद्युत मंडलाने, टिपतात. (ही मंडलरचना सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली होती, चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रसिद्धीस आणली.) तापमानाची अडचण मोठी आहे. पारा २० अंश सेल्सियसने चढला, तर मोकळे पोलाद दशलक्षात सुमारे २४० भाग प्रसरण पावते, म्हणजे वरील विकृतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा. म्हणून भार नसलेल्या तशाच पोलादाच्या तुकड्यावर दुसरा मापक चिकटवून तो सेतूच्या लगतच्या भुजेत जोडतात, म्हणजे दोन्हींवरील तापमानाचा सारखा परिणाम परस्पर वजा होतो.

उगम : ताणाने तारेचा रोध बदलतो हे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी तांब्याच्या व लोखंडाच्या तारांवर प्रयोग करून १८५६ मध्ये दाखवले. चिकटवलेल्या तारेचा मापक मात्र त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी आला. त्याचे श्रेय दोघांकडे जाते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एडवर्ड सिमन्स यांनी, बहुधा १९३६च्या सुमारास, आघात-चाचणीतील बल मोजण्यासाठी दंडावर तार चिकटवण्याची कल्पना सुचवली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्थर रूज हे उंच जलकुंभांवरील भूकंपाचा परिणाम प्रतिकृतींवर अभ्यासत होते. प्रतिकृतीच्या पातळ भिंतींवर तेव्हाची यांत्रिक मापके बसेनात, तेव्हा १९३८ मध्ये त्यांनी बारीक तार पातळ कागदावर चिकटवून सुटा मापक बनवला. सिमन्स यांच्या कामाची त्यांना कल्पना नव्हती, असे सामान्यतः मानतात. या शोधाला व्यापारी महत्त्व फारसे येणार नाही, असा अभिप्राय देऊन रूज यांच्या संस्थेच्या पेटंट समितीने त्यावरील हक्क सोडला. सिमन्स यांना अमेरिकी पेटंट १९४२ मध्ये मिळाले. हक्कावरून त्यांचा संस्थेशी झालेला वाद कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पहिल्या व्यापारी मापकाच्या ‘एस आर-४’ या नावातील अक्षरे या दोघांच्या आडनावांची असल्याचे सांगतात. ‘४’चा संबंध कामाशी निगडित चौघांशी जोडला जातो. कालक्रम पाहता अग्रक्रम सिमन्स यांना द्यावा लागतो. पण कोठेही नेऊन चिकटवता येईल असा सुटा मापक रूज यांच्याकडून आला, आणि पुढचा प्रसार त्याच रूपात झाला.

पुढील विकास : इंग्लंडमध्ये १९५२च्या सुमारास तारेऐवजी धातूच्या वर्खाची कोरीव जाळी आली. जर्मेनियम व सिलिकॉन यांतील दाबरोध परिणाम (प्रतिबलाने रोधकता बदलणे) सी. एस. स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. अशा अर्धसंवाहक मापकांचा गुणक शंभराच्या वर जाऊ शकतो, मात्र त्यांवर तापमानाचा परिणामही अधिक होतो.

धरणांच्या काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे वाचने घ्यायची असल्यास कंपित तारेचा मापक अधिक पसंत करतात. त्यात ताणलेल्या तारेची कंप्रता (दर सेकंदाला होणारी कंपने) मोजली जाते, त्यामुळे लांब केबलचा रोध बदलला तरी वाचन सहसा बिघडत नाही. फ्रेंच धरण-अभियंता आंद्रे कॉयन यांचे नाव या पद्धतीशी १९३०च्या दशकापासून जोडले जाते.