आजीचा बाळकृष्ण विमानात बसण्याआधी
(परदेशी पार्सल पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

न्यू जर्सीतल्या सुनेला पाठवायचा म्हणून एक काकू रुमालात गुंडाळलेला पितळी बाळकृष्ण घेऊन दुकानात आल्या. रोजच्या अभिषेकाने नाक-डोळे झिजलेले, दुमडलेल्या गुडघ्याच्या खाचेत वाळलेलं गंध. "माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा आहे हो," त्या कौतुकाने म्हणाल्या. पार्सल अडलं ते त्याच वाक्यावर. चार पिढ्या म्हणजे शंभरी सहज उलटते.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. मूर्ती, चित्रं, नाणी, कोरीवकाम अशा वस्तू १०० वर्षांच्या झाल्या की त्या पुरावशेषांत येतात. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या पोथ्या-कागदपत्रांना ७५ वर्षंच पुरतात. अशी वस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. तुम्हाला नाही, आम्हाला तर नाहीच. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, वर दंड. "विकत नाही, घरातच देतोय" हे खरं असलं तरी कायद्याला त्याने फरक पडत नाही. किंमत किती, हेही तो विचारत नाही.

जुन्या नाशकात वाडे उतरू लागल्यापासून आणखी एक गोष्ट वारंवार येते: कोरीव खांब, तुळईला आधार देणारे लाकडी घोडे, दारावरची गणेशपट्टी. इमारतीपासून सुटी झालेली वस्तूही कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेली आहे. वाडा तुमचा, लाकूड तुमचं, पण शंभर वर्षांचा खांब दुबईच्या फ्लॅटमध्ये उभा करता येणार नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये खुशाल करा. घरात ठेवायला बंदी नाही. मात्र दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत यांच्या शंभरी पार केलेल्या मूर्ती, जुनी चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते, आणि हात बदलला की तेही कळवावं लागतं. हे बहुतेक घरांत माहीतच नसतं.

रवि वर्म्यांचं मूळ चित्र कुणाकडे असेल (असलंच तर!), तर वय न मोजताच ते बाहेर पाठवायला बंदी आहे. रवींद्रनाथ ठाकूर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा मोजक्या दिवंगत चित्रकारांची कामं सरकारने बहुमूल्य कलाकृती म्हणून जाहीर केली आहेत, त्यांत तेही आहेत.

"लंडनला लोक शेतात सापडलेली नाणी राजरोस विकतात, मग आम्हालाच का नियम?" हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. तिथेही नियम आहेतच. १९९६ च्या कायद्याप्रमाणे सापडलेलं गुप्तधन १४ दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाला हवं असेल तर बाजारभावाने बक्षीस मिळतं आणि ते सहसा शोधणारा व जमीनमालक वाटून घेतात. आपला गुप्तधनाचा कायदा १८७८ चा: दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं की खबर जिल्हाधिकाऱ्यांना. १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. पांडवलेणीच्या शिलालेखांत हे दोघे भेटतात, तेच इथे एका नाण्यावर भेटले. असा ठेवा घरोघर वाटला गेला असता, तर ही गोष्ट कळलीच नसती.

इटलीत जमिनीतून निघालेला पुरावशेष सरकारचा. अमेरिकेत खासगी जमिनीतला साधारणपणे जमीनमालकाचा, सरकारी जमिनीतला मात्र नाही. जपानने १९४९ मध्ये होर्यूजी मंदिरातली भित्तिचित्रं आगीत गमावली आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा केला. तिथे 'राष्ट्रीय ठेवा' खासगी मालकीचा असू शकतो, पण कायमचा देशाबाहेर जाऊ शकत नाही. ब्रिटनची रीत वेगळी: फार महत्त्वाच्या वस्तूची निर्यात काही काळ रोखतात, देशातल्या कुणाला तेवढीच रक्कम उभी करायची संधी देतात. कुणी पुढे आलं नाही, तर वस्तू सहसा जाते. विकणाऱ्याला हे बरं. पण देवघरातल्या बाळकृष्णाची 'तेवढीच रक्कम' ठरवायची कुणी? आम्हाला आपली रीत कडक वाटते, चुकीची वाटत नाही.

"एकदा तिकडे पोहोचलं की कोण बघतंय?" असंही कुणी कुणी हळूच म्हणतं. जुलै २०२४ मध्ये भारत-अमेरिका सांस्कृतिक मालमत्ता करार झाला आहे. चोरून गेलेली वस्तू तिथेही अडवली जावी, यासाठीच तो आहे.

मग करायचं काय? वस्तू जुनी दिसते पण शंभरीच्या आतली आहे, असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे 'पुरातन नसल्याचा' दाखला मागता येतो. तज्ज्ञ वस्तू तपासून तो देतात. दाखला हातात आल्याशिवाय आम्ही खोक्याला टेप लावत नाही, आणि काम लवकर करून देण्याचे जादा पैसेही घेत नाही. आधी चारही बाजूंचे आणि बुडाचे फोटो आणा, ते बघायचे पैसे नाहीत. आणि फोटोआधी वस्तू चिंच-मीठ लावून घासू नका. वय ओळखायला वरचा जुना थरच उपयोगी पडतो.

काकूंचा बाळकृष्ण देवघरात परत गेला. सुनेसाठी त्यांनी भांडी बाजारातून नवा घेतला, बिलासकट.