दम्याची सूज छातीपुरती थांबत नाही

जानेवारीच्या थंडीच्या लाटेत ग्वाल्हेरला पारा ५ अंशांच्या आसपास येतो, लश्करच्या गल्ल्यांत धुक्यात शेकोट्यांचा धूर मिसळतो आणि दम्याच्या जुन्या पेशंटांची छाती वाजू लागते. निळ्या पंपाचे दोन पफ, थोड्या वेळाने आणखी दोन. मग छातीत धडधड, बोटांना कंप. ‘पंपानं हार्ट बिघडतं’ असं घराघरांत म्हणतात ते यावरूनच.

धडधड खरी आहे. पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करतं. ते ज्या बीटा-२ रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवर औषध जिथे चिकटतं त्या जागांवर काम करतं, ते रिसेप्टर थोडे हृदयातही असतात. बहुतेकांची नाडी काही वेळात शांत होते. पण हा पंप वरचेवर लागतोय, म्हणजे नळ्यांच्या अस्तराला सूज आहेच. मला काळजी वाटते ती या सुजेची.

सुजेत तयार होणारं इंटरल्यूकिन-६ हे सूज वाढवणारं प्रथिन रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही छळतं. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५,०२९ प्रौढांच्या मानेतल्या कॅरोटिड धमन्यांची सोनोग्राफी केली होती. ज्यांना दम्यासाठी रोज औषध लागतं, त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांच्या धमन्यांत चरबीचे थर सापडले; दमा नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्के होतं. अधूनमधून दमा होणाऱ्यांतही जवळपास तेवढंच. दम्यामुळेच थर साचले, हे यातून सिद्ध होत नाही, पण रोजचा दमा असलेल्यांनी बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासत राहावं, एवढं नक्की.

सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप, आणि लोक सोडतात तोही हाच! त्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळ्यांतला मिलिग्रॅममध्ये. पंप सोडल्यावर दमा उसळला की गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या वारंवार घेतल्या की बीपी आणि साखर दोन्ही चढतात. २०१९ पासून ‘जीना’ या जागतिक दमा-संस्थेचा सल्ला आहे की नुसत्या निळ्या पंपावर राहू नका, सोबत स्टेरॉइड हवंच.

हृदयाच्या डॉक्टरांनाही दम्याबद्दल सांगा. प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर, म्हणजे हेच बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या गोळीनं श्वासनलिका आवळू शकतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही याच जातीचे. नाकावाटे रक्तात उतरून तेवढ्यानंही दम्याचा झटका येऊ शकतो.