सोसायटीच्या बोअरवेलसाठी भूजल उपशाची एनओसी: कुणाला लागते आणि अर्ज कसा भरायचा

बोअर आपल्या आवारात आहे, मग पाणी उपसायला परवानगी कशाला, हा प्रश्न सोसायटीच्या जवळपास प्रत्येक सभेत निघतो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं २४ सप्टेंबर २०२० रोजी अधिसूचित झाली आणि २०२३ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. त्यांनुसार गृहनिर्माण सोसायट्या आणि अपार्टमेंट्सना भूजल उपशासाठी ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, घ्यावी लागते. स्वतंत्र घरात राहणाऱ्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी ती लागत नाही. शेती आणि ग्रामीण पेयजल योजनांनाही सूट आहे. बोअरचं पाणी भरून विकणाऱ्या टँकरला मात्र सूट नाही. तुमच्याकडे रोज टँकर येत असेल तर पुरवठादाराकडे त्याची एनओसी मागायला हरकत नाही; सहसा कुणी मागत नाही, हा भाग वेगळा.

एनओसी मिळते ती तुटीपुरती. महापालिकेच्या नळाला येणारं पाणी गरजेपेक्षा किती कमी पडतं, हे दाखवायचं असतं. म्हणून अर्जाआधी हिशेब मांडा. माणशी रोज १३५ लिटर हा घरगुती वापराचा रूढ निकष आहे. ६० फ्लॅट, घरटी ५ माणसं धरली तर ३०० माणसांना दिवसाला ४०,५०० लिटर, म्हणजे ४०.५ घनमीटर पाणी लागतं. पालिकेकडून २५ घनमीटर मिळत असेल तर तूट १५.५ घनमीटर. बऱ्याच कमिट्या इथे थांबतात आणि तेवढाच आकडा अर्जात टाकतात.

पण या १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. ३०० माणसांचे ते १३.५ घनमीटर झाले. सांडपाणी प्रक्रिया करून फ्लशला वापरलं, तर बोअरवर येणारा भार दिवसाला जेमतेम २ घनमीटर उरतो. रोजची भूजलाची गरज २० घनमीटरच्या वर गेली तर एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, सक्तीचा आहे. आपल्या उदाहरणात तो सक्तीचा नाही, तरी हिशेब त्याच्याच बाजूने जातो. जुन्या इमारतीत फ्लशची वेगळी पाइपलाइन टाकणं जिकिरीचं असतं हे खरं. ते जमत नसेल तर निदान बागेला आणि गाड्या धुवायला प्रक्रिया केलेलं पाणी वापरा आणि अर्जात तसं लिहा.

छतावरच्या पावसाच्या पाण्याचं संकलन बांधकाम नियमांनुसार करावंच लागतं. त्याच्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ६०० चौरस मीटर छत, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के घट धरली तर ३३६ घनमीटर पाणी मिळतं. १५.५ घनमीटरची तूट त्यातून तीन आठवडेच भागते. तरीही बोअरजवळ केलेल्या पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचा, उपयोग होतो, फक्त त्याच्या भरवशावर उपशाचा आकडा फुगवू नका.

कागदपत्रांत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, अर्जावर सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि बोअरची जागा दाखवणारा नकाशा जवळ ठेवा. बोअरची खोली, व्यास आणि पंपाची अश्वशक्तीही विचारली जाते. जुन्या बोअरची खोली बहुतेकांना माहीत नसते, तेव्हा मेकॅनिककडून आधीच मोजून घ्या. पालिकेचं पाणी मिळत नाही किंवा अपुरं मिळतं, असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. पाणीपुरवठा विभागाकडून तसं पत्र मिळवा आणि मीटरप्रमाणे आलेली पाणीपट्टीची बिलं काढून ठेवा. अर्जातला आकडा आणि बिलावरचा आकडा जुळत नसेल तर शंका येणारच.

अर्ज ऑनलाइन, २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘भू-नीर’ पोर्टलवर करायचा. अर्जाचं शुल्क वेगळं, उपशाचं शुल्क वेगळं. दुसरं तुम्ही मागितलेल्या पाण्यावर ठरतं. तुमचा भाग सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित गटात आहे, तेही पाहिलं जातं. पुनर्भरणातून दरवर्षी उपलब्ध होणाऱ्या पाण्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर भाग सुरक्षित, १०० टक्क्यांच्या वर गेला तर अतिशोषित. केंद्राची एनओसी हाती आली म्हणून महापालिकेची किंवा राज्याच्या भूजल कायद्याखालची परवानगी माफ होत नाही. नवीन बोअर घ्यायची असेल तर रिग बोलावण्याआधीच दोन्हीकडे चौकशी करा.

एनओसी आल्यावर बोअरला टेलिमेट्री (आकडे दूरवर आपोआप पाठवण्याची सोय) असलेला डिजिटल फ्लो मीटर, म्हणजे उपसलेलं पाणी मोजणारा मीटर, बसवावा लागतो आणि वर्षातून एकदा अधिकृत संस्थेकडून तो तपासून घ्यावा लागतो. अटी मोडल्या तर पर्यावरण भरपाई भरावी लागते, एनओसी रद्दही होऊ शकते. तिची मुदत ५ वर्षं किंवा पालिकेचं पाणी मिळू लागेपर्यंत, यांतलं जे आधी घडेल ते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी करायचा असतो. पोर्टलवर खातं उघडताना सचिवांचा खासगी ई-मेल देऊ नका. पाच वर्षांत कमिटी बदलते आणि सूचना जुन्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. सोसायटीच्या नावाचा ई-मेल काढा, पासवर्ड दप्तरात नोंदवा.