तिसऱ्या सिलिंडरातला गंज

वेंगुर्ल्याच्या घरी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आमची जुनी फियाट आठ वर्षं पडवीत उभी होती. काढायला गेलो तर इंजिन जाम. पाऊस तिला कधी लागला नव्हता, रेडिएटरही रिकामा. मग गंज आला कुठून?

भाचा इंजिन फिरवायच्या हँडलवर लोंबकळत होता. "जोर करू नको," मेस्त्री ओरडले. त्यांनी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि चक्क घरी गेले! चार दिवसांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही ती पुढे-मागे डोलवली. आधी बोटभर, मग वीतभर, आणि खट् करून इंजिन सुटलं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजलं. तीन सिलिंडरांत चौरस इंचाला ११० पौंडांच्या आसपास, तिसऱ्यात ५०. मेस्त्रींनी त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं: ७५. ही युक्ती मला फार आवडते. ऑइल पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट घटकाभर बुजवतं, व्हॉल्वची नाही. काटा चढला, म्हणजे रिंगा गळतात. पुरता चढला नाही, म्हणजे व्हॉल्वही.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवल्यावर तेच दिसलं. पण तिसऱ्यातच का? इंजिन थांबतं तेव्हा चार सिलिंडर चार वेगळ्या स्ट्रोकवर अडकतात. एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व बहुधा उघडाच राहतो आणि सायलेन्सरच्या तोंडापासून थेट पिस्टनपर्यंत वाट मोकळी होते. (इनटेकच्या बाजूला निदान एअर फिल्टर तरी असतो.) खारा वारा तिथून शिरला. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. पहिलं साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं, दुसरं ३३ टक्क्यांच्या आसपासच. जुलैत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच सिलिंडरच्या भिंतीवर घडलं.

गंजाचे खड्डे नखाला लागत होते, म्हणून चारही बोअर (सिलिंडरांची आतली भोकं) वाढवून नवे पिस्टन घातले. लेथवाल्याने पिस्टन आणि बोअरमधली फट मात्र नीट राखली. ६८ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.१६ मिलिमीटर फुगतो. ओतीव लोखंडाचा बोअर त्याच्या निम्माच. फट कमी पडली तर इंजिन पहिल्याच घाटात पुन्हा जाम.

यंदा जूनमध्ये प्लगच्या भोकांतून ऑइल सोडलं आणि सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. स्टिअरिंगला लाल फडकं बांधलंय, नाहीतर भाचा बोळ्यासकट गाडी चालू करायचा.