शेवाळावरून उत्तर दिशा कळते का?

"जंगलात वाट चुकलात तर झाडाचं खोड बघा, शेवाळ नेहमी उत्तरेलाच असतं." पावसाळी ट्रेकच्या ग्रुपवर हा सल्ला हटकून येतो.

तो अगदीच निराधार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ॲडिरोंडॅकच्या डोंगरांत कॅनव्हासचे तंबू ठोकून राहणाऱ्यांमध्येही ही खूण सांगितली जाई. तिथे, सुमारे ४४ अंश उत्तर अक्षांशावर, दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडे असतो. त्यामुळे खोडाची उत्तर बाजू जास्त वेळ ओलसर राहते. पण शेवाळाला दिशेशी देणंघेणं नाही, त्याला हवी ओल आणि सावली. ओढ्याकाठी, दाट झाडीत किंवा कललेल्या खोडावर ते कुठेही चढतं. म्हणून तिथेही एका झाडावर भिस्त ठेवणं धोक्याचंच.

सह्याद्रीत तर गणितच बदलतं. पुणे साडेअठरा अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि पावसाचा मारा बहुतेक नैर्ऋत्येकडून. म्हणजे शेवाळ ऐन भरात असताना ही खूण सर्वांत कच्ची.

पडताळायचं असेल तर पुढच्या ट्रेकला मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि दहा झाडं तपासा. हिरवा थर कुठे बोटभर जाड आहे, कुठे नुसता डाग, हेही बघा.

ऊन असेल तर सरळ काठी रोवून सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, वीसेक मिनिटांनी दुसरा. पहिला खडा साधारण पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. धुक्यात मात्र ही युक्तीही चालत नाही. तिथे खिशातलं साधं होकायंत्रच बरं.